अंगणातली शाळा, कुरणातली शाळा

माझ्या व्यवसायाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोन क्षण गप्प होतो. ‘लर्निंग एक्स्पीरियन्स डिझायनर’ म्हणजे नेमकं काय? शिक्षिका का? नाही. पाठ्यपुस्तकं लिहिता का? तेही नाही. मग कॉम्प्युटरचं काहीतरी असणार, असं म्हणून विषय संपतो. मराठीत सांगायचं तर मी शिकण्याची आखणी करते. एखाद्या कारखान्यात नवं यंत्र येतं, एखाद्या बँकेत नवे नियम येतात, रुग्णालयात नव्या परिचारिका रुजू होतात. या सगळ्यांना काहीतरी शिकायचं असतं. कोणी शिकायचं, कधी, कुठे बसून, कोणत्या क्रमाने, हाताने काय करून बघायचं, चुकलं तर ते त्यांचं त्यांना कसं कळणार, याचा आराखडा मी करते. शिंपी कापड फाडण्याआधी माप घेतो, तशी शिकणाऱ्याची मापं आधी घ्यायची. कापड नंतर.

आमच्या धंद्याचा इतिहास म्हणून आम्हाला जो शिकवला जातो तो सगळा अमेरिकेतला आहे. दुसऱ्या महायुद्धात लाखो तरुणांना थोड्या दिवसांत सैनिक आणि तंत्रज्ञ करायचं होतं. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ कामाला लागले. त्यांच्यातला रॉबर्ट गान्ये हा पुढे आमच्या विषयाचा आचार्य झाला. 1953 साली बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या वर्गात गणिताचा तास बघायला गेला. गणित बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नाही, हे बघून तो अस्वस्थ झाला आणि त्यातून त्याचं शिकवणारं यंत्र जन्माला आलं. 1956 मध्ये बेंजामिन ब्लूमने शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड मांडली. 1975 च्या सुमारास फ्लोरिडाच्या विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी आखणीची एक पाच पायऱ्यांची पद्धत तयार झाली. तीच आज जगभर वापरतात. पहिली पायरी ‘विश्लेषण’, म्हणजे शिकणाऱ्याची माहिती काढणं. शेवटची ‘मूल्यमापन’.

हे सगळं मी शिकले आणि त्याचा मला उपयोगही झाला. पण या व्यवसायात जसजशी वर्षं जात राहिली तसतशी माझी खात्री होत गेली, की आमच्या कामाचा खरा धडा आपल्या फार जवळ गिरवला गेला आहे. चर्चगेटहून पश्चिम रेल्वेने निघालात आणि डहाणू मागे टाकलंत की घोलवड स्टेशन लागतं. तिथून थोड्या अंतरावर समुद्रकाठी बोर्डी नावाचं गाव आहे आणि त्याच परिसरात कोसबाडची टेकडी. आज ही आखणी आपण ज्याला ‘डिझाइन’ म्हणतो ते काम दोन मराठी बायकांनी तिथे सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी केलं. त्यांच्या कार्डावर असं काही पद छापलेलं नव्हतं. त्यांच्याजवळ कार्डच नव्हतं.

पण त्यांच्याकडे वळण्याआधी थोडं मागे जावं लागेल. 1882 साली शिक्षणाची चौकशी करायला सरकारने हंटर आयोग नेमला. त्याच्यापुढे जोतीराव फुल्यांनी एक निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या निवेदनात त्याहून बारीक गोष्टी आहेत. खेड्यातल्या शाळांचा अभ्यासक्रम आणि शहरातल्या शाळांचा अभ्यासक्रम एकच ठेवून चालणार नाही, असं फुले सांगतात. मोडी आणि बाळबोध वाचायला-लिहायला यावं, हिशेब यावा, शेतीची, आरोग्याची प्राथमिक माहिती मिळावी, असं ते म्हणतात. शिक्षक शेतकरी समाजातले असावेत, नांगर धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे असावेत, हा त्यांचा आग्रह. आणि मुलांनी शाळेत टिकावं म्हणून शिष्यवृत्त्या, बक्षिसं ठेवा, हेही ते सुचवतात. आमच्या भाषेत याला शिकणाऱ्याचं विश्लेषण म्हणतात. सरकारला शाळा किती उघडल्या हे मोजायचं होतं. फुले मात्र विचारत होते, की शाळेच्या दारात जो पोरगा उभा आहे त्याच्या घरी काय चाललं आहे?

हा प्रश्न मग बराच काळ तसाच पडून राहिला. तो पुन्हा उचलला गेला तो गुजरातेत.

भावनगरला दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती. तिथे गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केलं. गिजुभाई पेशाने वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारात असताना त्यांच्या हातात माँटेसरीची पुस्तकं पडली आणि वकिली सुटली. 1923 साली त्यांच्याकडे एक मराठी बाई दाखल झाल्या. ताराबाई मोडक. 1892 चा मुंबईतला जन्म, प्रार्थना समाजाच्या वळणातलं घर, 1914 मध्ये बी.ए. झालेल्या. राजकोटला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख होत्या. पगार होता, मान होता. तो सोडून त्या लहान मुलांत जाऊन बसल्या. 1926 मध्ये या मंडळींनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला.

इथे माँटेसरीच्या साहित्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. मारिया माँटेसरीने 1907 मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. तिथे तिने मुलांसाठी साधनं तयार केली. त्यातला दट्ट्यांचा ठोकळा तुम्ही पाहिला असेल. लाकडी ठोकळ्यात दहा खाचा आणि त्यात बसणारे लहान-मोठे दहा दट्टे. एखादा दट्ट्या चुकीच्या खाचेत बसला तर शेवटी एक दट्ट्या उरतो, तो कुठेच बसत नाही. मुलाला आपली चूक कळते. बाईंनी सांगावं लागत नाही, रागवावं लागत नाही. चूक दाखवायचं काम लाकूड करतं! स्किनर ज्यासाठी यंत्र बनवू पाहत होता ते रोममधल्या लाकडी दट्ट्यांनी त्याच्या किती आधी साधलं होतं बघा.

पण हे साहित्य महाग होतं. ते सुबक, मापात बसणारं, कारागिराकडून करून घ्यावं लागणारं. शहरातल्या पांढरपेशा घरांतल्या मुलांच्या शाळेला ते परवडेल. ताराबाईंनी 1936 मध्ये दादरला शिशुविहार काढलं, तिथे ते चालून गेलं. पण खेड्याचं काय? हा प्रश्न त्यांचा पिच्छा सोडत नव्हता. अखेर 1945 साली, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

त्यांच्या सोबत होत्या अनुताई वाघ. 1910 चा जन्म. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं पुढे काय होत असे ते तुम्हाला मी सांगायला नको. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या. बोरिवलीला ग्रामसेविकांचं शिबिर होतं, तिथे त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. बोर्डीला याल का, असं ताराबाईंनी विचारलं आणि अनुताई गेल्या. त्या परत आल्याच नाहीत. 1992 मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर हेच त्यांचं काम.

बोर्डीला पहिली अडचण आली ती अगदी साधी. बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली आणि पाड्यांवरची मुलं येईनात. आता इथे दोन रस्ते असतात. एक म्हणजे, या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही, असं म्हणून मोकळं व्हायचं. हा रस्ता सोपा आहे आणि त्यावर गर्दीही फार असते. दुसरा रस्ता म्हणजे, मूल का येत नाही ते बघायला त्याच्या घरापर्यंत जायचं. या दोघी गेल्या. गेल्यावर दिसलं, की आई-बाप पहाटेच कामावर जातात. मागे राहिलेल्या पोरांना अंघोळ कोण घालणार, केस कोण विंचरणार? आणि तशाच अवतारात गावातल्या इतर मुलांमध्ये जाऊन बसायचं, तेही त्या काळच्या गावात, म्हणजे काय असेल त्याची कल्पना करा.

तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीत नेली. घरासमोरचं अंगण झाडायचं, मुलांना तिथेच स्वच्छ करायचं, नखं कापायची आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ. दिवसाची सुरुवात अंघोळीने, तीही वेळापत्रकाचा भाग म्हणून. म्हणून तिचं नाव अंगणवाडी. आज हा शब्द इतका सरकारी झाला आहे, की त्यात ‘अंगण’ आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. पण तो शब्द म्हणजे एका शैक्षणिक निर्णयाचं नाव होतं. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणापर्यंत जायचं, हा तो निर्णय.

साहित्याचा प्रश्न त्यांनी तसाच सोडवला. बोर्डीला समुद्र आहे, म्हणजे शिंपले आहेत. झाडं आहेत, म्हणजे बिया आहेत, पानं आहेत. खडे, माती, काड्या. लहान-मोठं ओळखायला, रंग वेगळे करायला, मोजायला, क्रम लावायला याहून जास्त काय लागतं? माँटेसरीचं तत्त्व त्यांनी ठेवलं आणि वस्तू बदलली. तत्त्व आणि वस्तू यांतला फरक ओळखणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत अवघड काम आहे. वस्तू विकत आणता येते, तत्त्व समजून घ्यावं लागतं. त्यामुळे बहुतेक ठिकाणी वस्तूच येते.

1957 च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इथली मुलं मुख्यतः वारली. इथे अडचण आणखी खोल होती. सहा-सात वर्षांच्या पोरीला शाळेत यायचं तर तिच्या कडेवर धाकटं भावंडं. आठ-नऊ वर्षांच्या पोराला यायचं तर त्याच्या मागे गुरं. म्हणजे मूल रिकामं नव्हतंच. घराच्या पोटापाण्याच्या व्यवस्थेत त्याचा वाटा होता. तो काढून घेतला तर घरचं गणित कोलमडणार.

याला दिलेलं उत्तर ‘विकासवाडी’ म्हणून ओळखलं जातं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच ठिकाणी. पाळणाघर हे नुसतं तान्ह्यांसाठी नव्हतं, ते त्यांच्या ताईसाठी होतं. धाकटं पाळण्यात ठेवलं की ताई वर्गात बसायला मोकळी. एका वयाच्या मुलाचं शिक्षण दुसऱ्या वयाच्या मुलाच्या सोयीवर अवलंबून असतं, हे कुठल्याही अभ्यासक्रमाच्या कागदावर दिसत नाही. ते उंबरठ्यावर उभं राहून बघितल्यावरच दिसतं.

आणि गुराख्यांसाठी निघाली कुरणशाळा. गुरं चरतात तिथे शिक्षक साहित्याची पिशवी घेऊन जायचे. एक डोळा गुरांवर ठेवून मुलं शिकायची. वर्गाला भिंती नाहीत, फळा नाही, तासाची घंटा नाही. गुरं पुढे सरकली की वर्ग पुढे सरकणार.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मूल गुरं राखतं आहे हे मान्य करून तिथेच त्याला शिकवायचं, म्हणजे बालमजुरीशी तडजोड करणं नव्हे का? मुलाचा हक्क पूर्ण वेळच्या शाळेचा आहे. 2009 साली आपण तसा कायदा केला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळा मिळाली पाहिजे, कुरण नव्हे. मला हा आक्षेप तत्त्वतः पटतो. पण ज्या दिवशी कायदा नव्हता, रस्ता नव्हता, घरात दाणा नव्हता, त्या दिवशी त्या विशिष्ट मुलाला काय सांगायचं? हक्क येईपर्यंत थांब? मुलाचं बालपण थांबत नाही. कुरणशाळा हे अंतिम उत्तर होतं असं मला वाटत नाही. ती त्या दिवशीची वाट होती. आणि पाळणाघर काढून त्या बायका त्याच वेळी मुलांच्या डोक्यावरचं ओझंही कमी करत होत्या. आहे ती परिस्थिती मान्य करून सुरुवात करणं आणि ती तशीच राहावी असं मानणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा इतिहास मला रोजच्या कामात कसा भेटतो त्याचं एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने आमच्याकडे गोदामातल्या कामगारांसाठी सुरक्षिततेचं प्रशिक्षण मागितलं. जड खोकी कशी उचलायची, ट्रॉली कुठे उभी करायची वगैरे. चाळीस मिनिटांचा अभ्यासक्रम हवा, मोबाइलवर बघता येईल असा, आणि किती जणांनी पूर्ण केला त्याचा आकडा दर आठवड्याला हवा. आधीच्या एका अभ्यासक्रमाचा आकडा फार कमी आला होता. कामगारांना शिकण्याची इच्छाच नाही, असं निदान तयार होतं. मी म्हटलं, मला एक दिवस गोदामात उभं राहू द्या.

उभी राहिले तेव्हा दिसलं, की पाळी सुरू होताना प्रत्येकाचा मोबाइल दारावर जमा करून घेतात. चोरी होऊ नये म्हणून. पाळी संपली की मोबाइल हातात आणि माणूस बसमध्ये, तेही बहुतेक उभ्याने, घरी जाऊन स्वयंपाकाला लागायच्या घाईत. मग तो चाळीस मिनिटांचा अभ्यासक्रम कुठे बघणार? पाळीच्या सुरुवातीला सगळे हजेरीसाठी रांगेत उभे असतात, ती सहा-सात मिनिटं तेवढी रिकामी होती. आम्ही प्रशिक्षण तिथे नेलं. मोबाइल नाही, पडदा नाही. रोज एकच गोष्ट, खरं खोकं, खरी ट्रॉली आणि त्यांच्यातलाच एक अनुभवी माणूस करून दाखवणारा. कंपनीला ते सुरुवातीला फारसं आवडलं नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही दिसत नव्हतं. आकडा कसा मोजायचा हाही प्रश्न होता. पण ते चाललं. मी काही नवीन केलं नव्हतं. कुरणात गुरं चरतात तिथे जायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

आता पुन्हा अंगणवाडीकडे येऊ. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात देशभरात 33 प्रकल्प. त्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. ताराबाई दोनच वर्षं आधी, 1973 मध्ये गेल्या होत्या. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या वस्तीत जन्मलेला एक मराठी शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत गेला. एवढा प्रवास फार थोड्या मराठी शब्दांनी केला असेल.

शब्द गेला. पण त्याबरोबर आखणी किती गेली? योजनेत सहा सेवा आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास रुग्णालयात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याची माहिती आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. या देशातल्या कुपोषणाकडे बघता आहार आणि लस यांचं मोल कमी लेखणं हे पाप होईल. तरीही कोणत्याही गावात जाऊन विचारा, अंगणवाडीत काय मिळतं? उत्तर येतं, खिचडी. शिंपले आणि बिया कोणाला आठवत नाहीत. सेविकेला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्याकडे वजनाच्या नोंदी आहेत, रजिस्टरं आहेत, मोबाइलवरची माहिती भरणं आहे, निवडणूक-जनगणनेची कामं आहेत. मानधन आहे, पगार नाही. तिच्या दिवसाची आखणी कोणी केली आहे का? शिकणाऱ्याचा दिवस बघायचा हे जसं खरं, तसं शिकवणारीचा दिवस बघायचा हेही खरं. बोर्डीत ते आपोआप होत होतं, कारण आखणारी आणि शिकवणारी एकच होती. चौदा लाख ठिकाणी त्या दोघी वेगळ्या झाल्या आणि त्यांच्यात दिल्लीएवढं अंतर पडलं.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा म्हणून मानलं. शंभर वर्षांपूर्वी भावनगरला जे बोललं जात होतं त्यावर सरकारी मोहोर उमटली, ही आनंदाची गोष्ट आहे. 2023 च्या फेब्रुवारीत केंद्राने ‘जादुई पिटारा’ आणला. खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपट्ट्या असलेली पेटी. पेटी चांगली आहे. माझी काळजी इतकीच, की पेटी ही वस्तू आहे. ती शाळेत पोचल्याची नोंद करता येते, कपाटात कुलूपबंद ठेवता येते, हरवली तर जाब विचारता येतो. म्हणून ती कपाटातच राहण्याची भीती. शिंपल्याला कोणी कुलूप लावत नाही.

2020 आणि 2021 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा धडा आपल्याला पुन्हा गिरवावा लागला. मुलं घरी, तास मोबाइलवर. ज्या घरात एकच फोन आणि तो घेऊन बाप कामावर, त्या घरातल्या मुलाला शाळा कुठून मिळणार? त्या दिवसांत महाराष्ट्रात कित्येक शिक्षक पाड्यांवर, वस्त्यांवर गेले. मंदिराच्या ओट्यावर, झाडाखाली, चार-पाच मुलं लांब लांब बसवून त्यांनी शिकवलं. त्यांतल्या किती जणांना कोसबाड ठाऊक होतं कोणास ठाऊक. पण पाय त्याच वाटेने गेले.

ताराबाईंना 1962 साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. सन्मान झाले. त्यांच्या नावाने कार्यक्रमही होतात. मात्र आमच्या व्यवसायात येणाऱ्या तरुण मुलामुलींना गान्ये आणि ब्लूम पाठ असतात आणि या दोघींची नावं त्यांच्या कानावरही नसतात. हे मला खटकतं. परके आचार्य वाचू नयेत असं मी म्हणणार नाही, माँटेसरी तरी कुठे आपली होती? ताराबाईंनी तिला वाचलं, तिच्याशी वाद घातला, आणि तिला बोर्डीच्या वाळूत आणून बसवलं. वाचायचं ते असं.

माझ्याकडे कोणी नवीन मूल कामाला आलं की पहिल्या आठवड्यात मी त्याला कॉम्प्युटरला हात लावू देत नाही. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्यामध्ये जाऊन एक पूर्ण दिवस काढायचा आणि एका कागदावर लिहून आणायचं, की या माणसाचे हात कधी रिकामे असतात, डोकं कधी रिकामं असतं, आणि त्याच्या कडेवर कोण आहे. तिसऱ्या प्रश्नाला मुलं हसतात. कडेवर कसं कोण असेल? पण नीट बघितलं तर प्रत्येकाच्या कडेवर कोणीतरी असतं. कोणाची आजारी आई, कोणाचं कर्ज, कोणाचं लहान मूल. ते उतरवून ठेवायला जागा केल्याशिवाय माणूस शिकायला बसत नाही. पाळणाघर आधी, फळा नंतर.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)